बोर्बन बिस्किटाचं नाव आलं कुठून?



आज बिस्किटाबद्दल लिहिते आहे. व्रत-वैकल्यं, पापड-लोणची सोडून ही बिस्किटावर कुठे घसरली, असं काहीजणींना वाटेल. पण विषय तसाच निघाला, आणि त्याचा शोध घेता घेता मी लंडन, फ्रान्स, अमेरिका, पुणे असा मोठा फेरफटका घरबसल्या करून आले. तो तुम्हालाही घडवावा म्हणते.

इथे फुलपाड्यात आमच्या सोसायटीजवळ दर रविवारी मुलांची पाठशाळा भरते. दशलक्षण पर्वाच्या आधी मुलं आपल्या मनाने छोटे छोटे नियम घेतात. कुणी पर्वात चॉकलेट सोडतं, कुणी रोज मंदिरात जायचं ठरवतं. एका आठ वर्षांच्या मुलीने ‘मद्य, मांस, मधु’ या तीन मकारांचा जन्मभराचा त्याग घेतला. घरात तसाही या तिन्हींचा प्रश्न नाही, पण तिने तो स्वतःच्या तोंडाने घेतला याचं तिला फार अप्रूप होतं. दोन आठवड्यांनी तिच्या डब्यात बोर्बन बिस्किटं होती. एका मोठ्या मुलाने मोबाइलवर ‘बोर्बन’ शब्द शोधला आणि तिला दाखवला. पडद्यावर दारूची बाटली! मुलगी ढसाढसा रडली. “माझा नियम मोडला,” एवढं एकच ती म्हणत राहिली.

आम्ही बायकांनी तिला जवळ घेतलं, समजूत काढली. पण स्वाध्यायाला येणाऱ्या एक अक्का आहेत, शास्त्र चांगलं वाचलेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “नुसती समजूत काढू नका गं. यशोधर राजाने काय खरा कोंबडा मारला होता? पिठाचाच होता ना?”

ही कथा आपल्याकडे बहुतेकींना ठाऊक आहे. यशोधर राजाला जीवहिंसा करायची नव्हती, आणि आईचा हट्ट होता देवीला बळी देण्याचा. मधला मार्ग म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. जीव गेला नाही, रक्त सांडलं नाही, तरी माय-लेकरांना त्याचं फळ कितीतरी पशुजन्मांत भोगावं लागलं. सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलक चंपू’त, दहाव्या शतकात, ही कथा सविस्तर आली आहे. अक्कांचं म्हणणं असं की पदार्थात दारू नसेलही, पण दारूच्या नावाने केलेला पदार्थ आपण हौसेने मुलांना देत असू तर तो पिठाचाच कोंबडा झाला.

म्हणजे सगळं येऊन थांबलं एका गोष्टीवर: या बिस्किटाला हे नाव दारूवरून दिलं का? तसं असेल तर अक्कांच्या बोलण्यात वजन आहे. तसं नसेल तर त्या पोरीच्या डोळ्यांतलं पाणी उगाच वाया गेलं. हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि इतिहास तपासता येतो.

बिस्किटांचं गाव

बोर्बनचा जन्म लंडनचा. तिथे थेम्स नदीच्या दक्षिणेला बर्मंडसी नावाचा भाग आहे. १८५७ मध्ये जेम्स पीक आणि जॉर्ज हेंडर फ्रीन या दोघांनी तिथे बिस्किटांचा कारखाना काढला. पीक यांच्या घराण्याचा चहाचा व्यापार होता. फ्रीन पिठाच्या गिरणीच्या आणि जहाजावरच्या बिस्किटांच्या धंद्यात मुरलेले होते. एकाकडे चहा, दुसऱ्याकडे पीठ. चहाबरोबर बिस्किट खायची जगाची सवय बघता ही जोडी अगदी शोभून दिसते.

त्यांच्या कंपनीचं नाव ‘पीक फ्रीन’ पडलं. कारखाना इतका वाढला की आजूबाजूच्या वस्तीला लोक ‘बिस्किट टाऊन’ म्हणू लागले. १९८९ मध्ये तो बंद झाला.

त्याआधीची बिस्किटं म्हणजे जहाजावरची कडक, टिकाऊ भाकरीच. ‘बिस्किट’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘दोनदा भाजलेलं’. पीक फ्रीनसारख्या कंपन्यांनी ती गोड, नाजूक, चहाबरोबर खायची केली. आणि एकदा बिस्किटं अनेक तऱ्हांची झाली की प्रत्येकीला वेगळं नाव लागणारच. दुकानदाराला “ते चौकोनी द्या” म्हणण्यापेक्षा नाव घेऊन मागणं सोपं.

नावं ठेवताना या कंपनीने त्या काळी लोकांच्या तोंडी असलेली मोठी नावं उचलली. १८६१ मध्ये त्यांनी बारीक मनुका भरलेलं एक चपटं बिस्किट काढलं आणि त्याला ‘गॅरिबाल्डी’ म्हटलं. इटली एक करण्यासाठी लढणारा हा सेनापती तेव्हा इंग्लंडमध्ये भलताच लोकप्रिय होता.

१८७४ मध्ये आलं ‘मारी’. होय, तेच आपलं मारी, आजीच्या चहातलं, आजारी माणसाच्या उशाशी ठेवलेलं. त्या वर्षी रशियाच्या झारची मुलगी मारिया हिचं लग्न व्हिक्टोरिया राणीचा दुसरा मुलगा आल्फ्रेड याच्याशी झालं. त्या लग्नाची आठवण म्हणून बिस्किटाला नवरीचं नाव मिळालं. नवरदेवाची खूणही आपल्याजवळच आहे. लग्नाआधी चार वर्षं, १८७० मध्ये, हा आल्फ्रेड मुंबईत आला असताना त्याच्या हस्ते खलाशांसाठीच्या एका वसतिगृहाची पायाभरणी झाली. त्याच्याच नावाने ते ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ झालं. कुलाब्याला रीगल सिनेमासमोरची ती दगडी इमारत पाहिली असेल. पुढे बरीच वर्षं तिथे आपलं विधिमंडळ भरत असे, आणि आता तिथे महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे. बायकोचं नाव बिस्किटावर, नवऱ्याचं इमारतीवर!

क्रिओलाचं झालं बोर्बन

आता आपल्या बिस्किटाकडे येऊ. १९१० मध्ये पीक फ्रीनने कोकोचं एक नवं बिस्किट बाजारात आणलं. दोन लांबट चौकोनी, गडद तपकिरी बिस्किटं आणि मध्ये चॉकलेटच्या चवीचं मऊ क्रीम. तेव्हा त्याचं नाव बोर्बन नव्हतं. त्याला ‘क्रिओला’ म्हणत. बोर्बन हे नाव त्याला नंतर मिळालं, आणि ते मिळालं फ्रान्सच्या राजघराण्यावरून.

शाळेत फ्रेंच राज्यक्रांती शिकताना आपण ‘बूर्बाँ घराणं’ असं वाचलेलं असतं. तेच हे नाव. फ्रेंच उच्चार बूर्बाँ, इंग्रजांनी केलं बोर्बन. मुळात हे फ्रान्समधल्या एका गावाचं आणि जहागिरीचं नाव. त्या घराण्याचा चौथा हेन्री १५८९ मध्ये फ्रान्सच्या गादीवर आला. व्हर्सायचा डोलारा उभा करणारा चौदावा लुई याच घराण्यातला, आणि १७९३ मध्ये ज्याचा शिरच्छेद झाला तो सोळावा लुईही यातलाच. या घराण्याची एक शाखा स्पेनला गेली आणि आजही स्पेनचा राजा बूर्बाँच आहे. दुसरी शाखा दक्षिण इटलीत नेपल्सला राज्य करत होती.

आणि इथे मला गंमत वाटली. नेपल्सचं ते बूर्बाँ राज्य १८६० मध्ये उलथवलं कुणी? गॅरिबाल्डीने! आपल्या हजारभर स्वयंसेवकांसह तो सिसिलीत उतरला आणि काही महिन्यांत बूर्बाँ राजाला राजधानी सोडून पळावं लागलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या कंपनीने गॅरिबाल्डी बिस्किट काढलं, आणि पन्नासेक वर्षांनी त्याच कंपनीने त्याच्या शत्रूच्या घराण्याचं नाव दुसऱ्या बिस्किटाला दिलं. रणांगणावरचे वैरी इंग्रजांच्या चहाच्या बशीत शेजारी शेजारी येऊन बसले. व्यापाऱ्याला कुणाचं वैर नसतं. नाव भारदस्त वाटलं, खपलं, की झालं.

त्याच सुमाराला अमेरिकेतही काळ्या बिस्किटांमध्ये क्रीम भरायची टूम निघाली होती. १९०८ मध्ये तिथे ‘हायड्रॉक्स’ आलं आणि १९१२ मध्ये ‘ओरिओ’. ती गोल, आपलं लांबट. आजची मुलं ओरिओलाच थोरलं समजतात, पण बोर्बन त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं आहे.

बिस्किटावरच्या छिद्रांबद्दलही सांगून टाकते, कारण मुलं नेहमी विचारतात. ती नुसती नक्षी नाही. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर बिस्किट मधोमध फुगतं, आणि फुगलेल्या बिस्किटावर दुसरं नीट बसत नाही. आपण कडक पुऱ्या तळण्याआधी काट्याने टोचे मारतो, तेच कारण.

मग ती दारू?

ती आहे, आणि तिचं नावही बोर्बन आहे, हे खरं. अमेरिकेत मक्यापासून केलेल्या एका व्हिस्कीला बोर्बन म्हणतात. त्यात निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान ५१ टक्के, मका असावा असा तिथला कायदा आहे. पण तिला हे नाव मिळालं कुठून? अमेरिका इंग्रजांशी लढत होती तेव्हा फ्रान्सच्या राजाने, म्हणजे सोळाव्या लुईने, तिला मदत केली. त्याचे उपकार म्हणून तिथे काही ठिकाणांना फ्रेंच नावं दिली गेली. आताच्या केंटकी राज्यात १७८५ मध्ये एक जिल्हा झाला, त्याचं नाव ठेवलं बोर्बन. न्यू ऑर्लीन्स शहरात एक बोर्बन रस्ताही आहे, तोही त्याच घराण्याच्या नावाचा. व्हिस्कीचं नाव जिल्ह्यावरून पडलं असं काही म्हणतात, रस्त्यावरून पडलं असं काही म्हणतात. कुठूनही धरा, दोन्ही वाटा त्या एकाच राजवाड्यापाशी जातात.

या घराण्याच्या नावाची आणखीही लेकरं आहेत. आफ्रिकेच्या पूर्वेला हिंदी महासागरात एक बेट आहे. फ्रेंचांनी सतराव्या शतकात त्याला ‘बूर्बाँ बेट’ नाव दिलं. राजाची सत्ता गेल्यावर ते बदलून ‘रियुनियन’ केलं, आणि आज तेच नाव आहे. पण जुनं नाव तिथल्या व्हॅनिलाला चिकटून राहिलं. केकच्या दुकानात ‘बोर्बन व्हॅनिला’ लिहिलेली बाटली दिसली तर घाबरू नका, ते बेटाचं नाव आहे. याच बेटावर १८४१ मध्ये एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने व्हॅनिलाच्या फुलाचं हाताने परागीकरण करायची सोपी युक्ती शोधून काढली. आज जगात व्हॅनिलाची लागवड त्याच युक्तीवर चालते. शिवाय ‘बोर्बन गुलाब’ही त्याच बेटावरचा. त्या जातीचा एडवर्ड गुलाब आपल्या देशात हारांसाठी आणि गुलकंदासाठी लावतात. (बाटलीबद्दल एक मात्र सांगते: व्हॅनिलाचा अर्क काढायला बऱ्याचदा अल्कोहोल वापरतात. तेव्हा नावाला घाबरू नका, पण घटक जरूर वाचा.)

तर हिशेब असा झाला. राजघराणं हे आजोबा. व्हिस्की, बिस्किट, व्हॅनिला, गुलाब ही सगळी वेगवेगळ्या घरांत वाढलेली नातवंडं. आडनाव एक, बाकी काही एक नाही. बिस्किट व्हिस्कीवरून निघालं नाही आणि बिस्किटात व्हिस्की कधी नव्हती.

पूर्वी विचारत, कुणाच्या हातचं?

हे शोधताना मला जाणवलं की बिस्किटावरून धर्माचा प्रश्न उभा राहण्याची ही काही पहिली वेळ नाही. आपल्या महाराष्ट्रात तर बिस्किट आलं तेच भांडण घेऊन.

१८९० मध्ये पुण्यात ‘पंचहौद मिशन’चं प्रकरण गाजलं. ख्रिस्ती मिशनच्या आवारात एक व्याख्यान झालं आणि त्यानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुणे साधेसुधे नव्हते. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कुणी चहा घेतला, कुणी नुसता हात लावला. डॉ. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. मग काय, गावभर गिल्ला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली, प्रायश्चित्तं झाली, घराघरांत श्राद्ध-पक्षाला ब्राह्मण मिळेनात. एक कप चहा आणि चार बिस्किटं! पण त्या सगळ्या वादात प्रश्न एकच होता: हे कुणाच्या हातचं आहे?

हाच प्रश्न ओळखून दिल्लीत ‘हिंदू बिस्किट’ या नावाने कंपनीच निघाली. बिस्किटाच्या चवीइतकीच ती करणाऱ्या हातांची जात गिऱ्हाइकाला महत्त्वाची वाटत होती. आज हे वाचताना मान खाली जाते. अहिंसेचा विचार सांगणाऱ्या आपल्या धर्माने पदार्थात जीव गेला का, हे विचारायला शिकवलं आहे. करणाऱ्याची जात विचारणं त्यात बसत नाही.

कलकत्त्यात १८९२ मध्ये २९५ रुपयांच्या भांडवलावर एका छोट्या घरात बिस्किटं करायला सुरुवात झाली. तीच पुढे ब्रिटानिया कंपनी. १९२४ मध्ये तिने मुंबईत कारखाना काढला, आणि त्याच सुमारास तिची सूत्रं लंडनच्या एका कंपनीकडे गेली. कोणत्या, तर पीक फ्रीन! मारी आणि बोर्बन आपल्या घरात कसे आले याचं उत्तर इथे आहे. बर्मंडसीच्या कारखान्यातली नावं तिच्या हिंदुस्थानातल्या कंपनीला आयती मिळाली. ब्रिटानियाचं बोर्बन १९५५ मध्ये आलं. म्हणजे इंग्रज गेले, बूर्बाँ राजे तर कधीच गेले होते, आणि त्यांचं नाव आपल्या वाणसामानाच्या यादीत येऊन बसलं. आता इतर कंपन्याही बोर्बन काढतात, म्हणजे ते एका कंपनीचं नाव न राहता बिस्किटाच्या जातीचं नाव झालं आहे, जसं नानकटाई किंवा खारी.

नावांच्या बाबतीत आपण तरी कुठे मागे आहोत? पुण्याची श्रूसबेरी बिस्किटं आपण पाहुण्यांकडून हक्काने मागवतो. श्रूसबेरी हे इंग्लंडमधलं एक गाव. मोनॅको हा युरोपातला एक चिमुकला देश. आणि पार्ले म्हणजे आपलं विलेपार्लेच. १९२९ मध्ये तिथे गोळ्यांचा कारखाना निघाला, १९३९ मध्ये बिस्किटं सुरू झाली, आणि गावाचं नाव देशभर पोचलं. विरारहून लोकलने जाणाऱ्यांना पार्ले आल्याचं पाटी न वाचता कळायचं, गोड भाजका वास यायचा. २०१६ मध्ये तो कारखाना बंद झाला. ज्या स्टेशनचं नाव आपण रोज ऐकतो ते दूरच्या एखाद्या खेड्यात फक्त बिस्किट म्हणून माहीत आहे.

नाव आणि वस्तू

आता परत अक्कांच्या पिठाच्या कोंबड्याकडे येते. त्यांनी शंका घेतली म्हणून मला हे सगळं शोधावंसं वाटलं, तेव्हा उत्तर त्यांच्याच भाषेत द्यायला हवं.

यशोधराच्या कथेत दोष पिठाचा नाही. दोष भावाचा आहे. समोर पीठ होतं, पण मनात कोंबडा मारायचा होता. ‘हा कोंबडा आहे’ असं ठरवून, बळी म्हणूनच तो कापला. बोर्बनच्या बाबतीत तसा भाव कुणाचाच नाही. करणाऱ्याने दारूची आठवण म्हणून नाव दिलं नाही, आणि खाणाऱ्या मुलीला त्या नावाची दारू असते हेही माहीत नव्हतं. मद्याचा भाव कुठेच नसेल तर दोष लावायचा कुणाला?

उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात पहिल्याच अध्यायात निक्षेप सांगितले आहेत: नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. एखाद्या गोष्टीबद्दल बोलताना आपण यातल्या कोणत्या अर्थाने बोलतो आहोत हे आधी स्पष्ट करा, म्हणजे गोंधळ होणार नाही. कुणा मुलाचं नाव इंद्र ठेवलं म्हणून तो स्वर्गाचा राजा होत नाही. तो फक्त नामाने इंद्र. आपली म्हणही तेच सांगते, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. बिस्किट हे नामाने बोर्बन आहे. तेही राजाच्या नावाने, व्हिस्कीच्या नव्हे.

पण अक्कांची शंका सगळीकडे चुकीची ठरत नाही, हेही मला सांगायचं आहे. मुलांसाठी सिगारेटच्या आकाराच्या गोळ्या मिळायच्या, आठवतात? ओठांत धरून धूर सोडायचा खेळ मुलं खेळायची. पार्टीत शॅम्पेनसारख्या बाटलीतलं सरबत फेस उडवत उघडतात. ‘रम’च्या चवीचं चॉकलेट मिळतं. इथे नाव आणि आकार मुद्दाम त्या वस्तूची गोडी लावायला निवडलेले असतात. तिथे पिठाचा कोंबडा जरूर आठवावा. दोन्हींतला फरक नुसतं नाव ऐकून कळत नाही, त्यासाठी ते नाव आलं कुठून हे बघावं लागतं.

पाकीट उलटं करा

आता व्यवहाराचं. नावाची काळजी मिटली म्हणून पाकीट डोळे मिटून फोडायचं असं नाही. पुढच्या बाजूला नाव असतं, मागच्या बाजूला खरी माहिती. मी काय बघते ते सांगते.

हिरवा ठिपका सगळेच बघतात. तो महत्त्वाचा आहे. बिस्किटात पायसकारी म्हणून जे आकडे लिहिलेले असतात, त्यांतले ३२२ बहुधा सोयाबीनचं असतं पण अंड्याचंही असू शकतं, आणि ४७१ वनस्पतीच्या तेलापासूनही होतं, प्राण्यांच्या चरबीपासूनही. भारतात हिरवा ठिपका असेल तर ते प्राण्यांचं नसावं असा नियम आहे. परदेशातून कुणी बिस्किटं आणली तर मात्र तो ठिपका नसतो, तेव्हा तिथल्या पाकिटावर शाकाहारी असल्याची खूण शोधा.

पण हिरवा ठिपका म्हणजे जैन, असं समजू नका. सरकारी नियमात मध शाकाहारी धरला जातो. म्हणजे मधाच्या बिस्किटावरही हिरवा ठिपकाच असतो, आणि आपल्या तीन मकारांतला एक तिथे सरळ आत येतो. कांदा, लसूण, बटाटा यांनाही तोच ठिपका. तेव्हा घटकांची यादी वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. बोर्बन नावाला दचकणाऱ्या काही घरांत ‘हनी’ लिहिलेलं पाकीट बिनधास्त फोडलं जातं, कारण ते नाव गोड वाटतं!

आणि ज्या घरांत पिठाची मर्यादा काटेकोर पाळतात, पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७, त्यांच्याकडे कारखान्यातलं कुठलंच बिस्किट चालत नाही, मग त्याचं नाव काहीही असो. माझ्या माहेरी सांगलीकडे आजीचा तसाच नियम होता, ती आयुष्यभर घरच्या शंकरपाळ्यांवर खूश होती. ज्याची त्याची शक्ती आणि ज्याचा त्याचा नियम. फक्त तो नियम कशाचा आहे हे घेणाऱ्याला नीट माहीत असावं.

हे सगळं मी मागच्या रविवारी पाठशाळेत मुलांना सांगितलं, नकाशा काढून. अक्काही बसल्या होत्या. शेवटी त्यांनी मला एकच विचारलं, “त्या व्हॅनिलावाल्या पोराला पुढे गुलामीतून सोडलं का गं?” सोडलं, १८४८ मध्ये, फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली तेव्हा. पण त्याच्या युक्तीवर इतरांनी पैसा केला आणि तो गरिबीतच गेला. अक्का म्हणाल्या, “मग पुढच्या वेळी मुलांना राजांच्या आधी त्याचं नाव सांग.”

पुढच्या रविवारी तेच करणार आहे. तुमच्या घरात अशा कोणत्या नावावरून प्रश्न पडला असेल तर मला कळवा, आपण मिळून शोधू.

जय जिनेंद्र.